बंद-चालू, बंद-चालू : अपडेटनंतर गरगरणारा संगणक

जून महिन्यातली बुधवारची सकाळ. लेक्चरला निघायच्या गडबडीत होते आणि सदलग्याहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे धाकटे काका.

"आगं, कंप्युटर नुस्ता बंद-चालू, बंद-चालू करालाय बघ. सकाळपासनं. मी मोजलं, सतरा वेळा झालं. काय करू सांग की."

ज्यांना सदलगा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बेळगाव जिल्ह्यातलं, दूधगंगेच्या काठचं हे गाव. आचार्य विद्यासागरांचं जन्मगाव म्हणून पुष्कळांनी नाव ऐकलेलं असतं. इकडे निपाणी, इकडे चिक्कोडी, आणि नदी ओलांडून थोडं पुढं गेलं की महाराष्ट्र. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि ऑनलाइन फॉर्मवर इंग्रजी, अशा तीन भाषांत गाव जगतं. या तिन्ही भाषांचं टायपिंग तात्यांच्या दुकानात होतं. एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर आणि एक संगणक एवढंच दुकान. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, कॉलेजचा प्रवेश, सगळं त्या एका संगणकावर.

आणि त्याच संगणकावर आणखी एक फोल्डर होतं. 'आजी' नावाचं.

मागच्या वर्षी मंडळाने ठरवलं होतं की प्रत्येकाने आपापल्या घरातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या. मी दिवाळीच्या सुट्टीत आजीला बोलतं केलं. तिचं ध्वनिमुद्रण करून फाइली तात्यांच्या संगणकावर टाकल्या, काही ओव्या तात्यांनीच टाइप करून दिल्या. फोनमधली जागा भरली म्हणून फोनमधल्या फाइली मी काढून टाकल्या. आजी फेब्रुवारीत गेली. म्हणजे तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, सतरा वेळा बंद-चालू झालेल्या त्या डब्यात.

तात्या पुढं म्हणाले, "एकाला विचारलं. तो म्हणतोय फॉरमॅट मारावं लागतंय. मारू काय?"

मी जवळजवळ ओरडलेच, "तात्या, फॉरमॅट नको! कुणालाही हात लावू देऊ नका. मी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते."

त्या दिवशी आणि त्या संध्याकाळी जे शिकले ते या लेखात लिहिते आहे. मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही, मराठीची आहे. त्यामुळे मला जेवढं कळलं तेवढं तुम्हालाही कळेल अशी खात्री आहे.

असं होतं तरी का?

संगणक सुरू होणं म्हणजे एक साखळी असते. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो (त्याला पूर्वी बायोस म्हणत, आता यूईएफआय म्हणतात). तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतो. मग डिस्कवरचा बूट लोडर, मग विंडोजचा गाभा, मग ड्रायव्हर, मग सेवा, आणि सगळ्यात शेवटी आपला डेस्कटॉप. यातली एक कडी तुटली की पुढचं काहीच होत नाही.

आता अपडेट म्हणजे काय? चालत्या बैलगाडीचं चाक बदलता येत नाही, गाडी थांबवावी लागते. तसंच विंडोज चालू असताना तिच्या वापरात असलेल्या फाइली बदलता येत नाहीत. म्हणून अपडेट आधी सगळं सामान आणून ठेवतं, कुठली फाइल कुठं बदलायची याची एक यादी करून ठेवतं, आणि मग म्हणतं, 'रिस्टार्ट करा.' पडद्यावर जी टक्केवारी सरकत असते ती या यादीतली कामं उरकण्याची असते. काही बिनसलं तर विंडोज केलेलं काम मागं घेते. तेव्हा 'केलेले बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते.

लूप लागतो तो इथं. यादी अर्धी झाली आणि लाईट गेली, तर काही फाइली नव्या, काही जुन्या अशी खिचडी होते. संगणक सुरू होतो, यादी बघतो, पुढं जायचा प्रयत्न करतो, अडतो, मागं फिरायचा प्रयत्न करतो, तिथंही अडतो आणि रिस्टार्ट होतो. रिस्टार्ट झाल्यावर पुन्हा तीच यादी! तोच प्रवास तसाच पुन्हा.

दुसरं एक कारण लक्षात ठेवा. विंडोज कोसळली की एररचा पडदा येतो आणि आपोआप रिस्टार्ट व्हायचं हे तिच्या सेटिंगमध्येच असतं. त्यामुळे त्या पडद्यावर चुकीचं नाव आलेलं असतं, पण वाचेपर्यंत तो जातो. आपल्याला दिसतं ते नुसतं बंद-चालू.

तात्यांच्या बाबतीत काय झालं ते नंतर बोलण्यातून उलगडलं. मायक्रोसॉफ्टची ठरलेली अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, २००३ पासूनचा हा रिवाज आहे. अमेरिकेतली मंगळवार सकाळ म्हणजे आपली मंगळवार रात्र. म्हणजे आपल्याकडे दुकानं, कचेऱ्या बुधवारी सकाळी उघडतात तेव्हा अपडेट दारात उभंच असतं. तात्यांनी 'अपडेट आणि रिस्टार्ट' दाबलं. बाहेर पाऊस. तीसेक टक्क्यांवर लाईट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी दिवाळीपासून मेलेली. लाईट आली तेव्हा दारात गिऱ्हाईक उभं, म्हणून घाईने बटण दाबलं, परत दाबलं, परत दाबलं. चूक विंडोजची म्हणावी तर तेवढीच आमचीही.

हा लूप जगालाही लागला होता

तुम्हाला १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवत असेल. त्या दिवशी देशातल्या विमानतळांवर रांगा लागल्या, ठिकठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, मुंबईतही अकासा एअरसारख्या कंपन्यांना चेक-इन हाताने करावं लागलं. तो हाच आजार होता, फक्त एका दुकानाऐवजी सगळ्या जगाला झालेला.

झालं असं. क्राउडस्ट्राइक नावाची अमेरिकन कंपनी मोठ्या संस्थांच्या संगणकांचं रक्षण करणारं 'फाल्कन' नावाचं सॉफ्टवेअर पुरवते. आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्यांनी एक लहानशी फाइल जगभर पाठवली. फाल्कनचा जो भाग ती फाइल वाचणार होता त्याला माहितीचे २० रकाने मिळत होते, पण नव्या फाइलप्रमाणे त्याला २१ वा रकाना बघायचा होता. नसलेला रकाना बघायला गेलेला प्रोग्रॅम मेमरीतल्या भलत्याच जागी पोचला आणि कोसळला. साधा प्रोग्रॅम असता तर तेवढाच बंद पडला असता. पण फाल्कन विंडोजच्या गाभ्यात, अगदी सुरुवातीला सुरू होतो. त्यामुळे तो पडला की विंडोज पडली. रिस्टार्ट झालं की पहिल्या काही कामांत पुन्हा तीच फाइल वाचायची, पुन्हा पडायचं.

कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागं घेतली. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक अडकले होते. जगातल्या विंडोज संगणकांच्या एक टक्क्यापेक्षाही हे कमीच, पण ते नेमके विमान कंपन्या, बँका, रुग्णालयं यांचे. आपल्याकडे 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेने त्याच दिवशी इशारा आणि उपाय जाहीर केले.

उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, एका ठरावीक फोल्डरमधली ती एक फाइल काढून टाका, रिस्टार्ट करा. बस. पण हे लाखो संगणकांसमोर माणूस बसवून करावं लागलं. कारण जो संगणक उठतच नाही त्याला इंटरनेटवरून औषध पाठवणार कसं? आणि ज्यांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती त्यांना आधी ४८ अंकी किल्ली शोधावी लागली.

या घटनेतून मला दोन गोष्टी कळल्या. एक, लूपमध्ये अडकलेल्या संगणकावरचा मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. बिघडलेला असतो तो सुरू व्हायचा रस्ता. दोन, रस्त्यातला नेमका दगड काढला की पुरतं, सगळं घर पाडायची गरज नसते. 'फॉरमॅट मारा' म्हणणारा माणूस घर पाडायला सांगत असतो.

मग करायचं काय? क्रमाने

आम्ही ज्या क्रमाने गेलो तोच क्रम लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे. कमी धोक्याचं आधी, जास्त धोक्याचं शेवटी.

१. आधी थांबा. पडद्यावर टक्केवारी सरकत असेल, डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काहीही करू नका. जुन्या हार्ड डिस्कवर मोठं अपडेट दोन-तीन तास खाऊ शकतं. चहा प्या. अर्ध्यावर बटण दाबणं हेच पुष्कळदा लूपचं कारण होतं. पण संगणक पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन रिस्टार्ट होत असेल, तर मात्र तो आपणहून सुधारण्याची आशा सोडा.

२. जोडलेलं सगळं काढा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क, इंटरनेटचा डोंगल, सगळं. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा ठेवा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून संगणक पूर्ण बंद करा, वायर काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. कधी कधी एवढ्यावरच सुटतं. तात्यांचं सुटलं नाही.

३. यंत्र बिघडलंय की विंडोज, ते ओळखा. संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ २ (कंपनीप्रमाणे कळ बदलते) दाबून बायोसमध्ये जा आणि पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. तिथंही तो आपोआप बंद-चालू होत असेल, तर दोष विंडोजचा नाही. पॉवर सप्लाय, मेमरी किंवा तापणं यांपैकी काहीतरी आहे. पंख्यात धूळ अडकलेली असू शकते. मग दुरुस्तीवाल्याकडे जाणंच बरं. बायोसमध्ये निवांत बसून राहिला, तर बहुधा विंडोजचा गुंता आहे. तात्यांचा संगणक वीस मिनिटं शांत बसला. मलाही तेव्हाच जरा शांत वाटलं.

४. दुरुस्तीच्या खोलीत शिरा. विंडोजमध्येच एक छोटी दुरुस्तीची खोली असते, तिला रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात. लागोपाठ दोन-तीनदा सुरू व्हायला जमलं नाही की विंडोज आपणहून तिथं नेते. नेत नसेल तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं. (टक्केवारी चालू असताना हे करायचं नाही, पहिला नियम लक्षात आहे ना?) तेही जमलं नाही, तर दुसऱ्या चांगल्या संगणकावर विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून सुरू करायचं आणि 'इन्स्टॉल'ऐवजी 'रिपेअर'चा पर्याय निवडायचा. तिथं 'ट्रबलशूट' आणि मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असा रस्ता आहे. आपली सगळी हत्यारं त्या पानावर असतात.

इथं बिटलॉकरची किल्ली मागितली जाऊ शकते. कित्येक नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आपल्याला नकळत लागलेलं असतं. किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात जाऊन ती बघता येते.

५. दुरुस्तीआधी मजकूर वाचवा. सगळ्यात मोलाची युक्ती मला वाटते ती ही. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' निवडलं की काळा पडदा येतो. त्यावर 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारायचं. साधं नोटपॅड उघडतं. त्यात फाइल आणि मग ओपन निवडायचं, खाली 'ऑल फाइल्स' करायचं. आता जी खिडकी दिसते तिच्यात संगणकावरची सगळी फोल्डरं दिसतात! नोटपॅडमध्ये काही लिहायचं नाही, या खिडकीचा उपयोग फक्त हात घालायला. हवं ते फोल्डर निवडायचं, उजवी कळ दाबून कॉपी करायचं आणि पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट करायचं. कॉपी चालू असताना टक्केवारी वगैरे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. घाबरू नका, थांबा. इथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी ची डी झालेली असते. ज्यात 'विंडोज' आणि 'यूजर्स' ही फोल्डरं दिसतील तो आपला ड्राइव्ह.

तात्यांनी फोन स्टूलवर टेकवून ठेवला होता आणि मी इकडून सांगत होते. यूजर्स, त्यात तात्यांचं नाव, मग डेस्कटॉप. "दिसालंय काय?" मी विचारलं. (सदलग्याशी बोलताना माझीही भाषा सदलग्याला जाते.) तात्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "हाय की. 'आजी' हाय."

६. स्टार्टअप रिपेअर. आता दुरुस्तीला मोकळे. पहिलं हत्यार हे. विंडोज स्वतःच सुरू व्हायचा रस्ता तपासते. चालवून बघायला धोका नाही. आमच्याकडे 'दुरुस्त करता आलं नाही' असं उत्तर आलं. ते पुष्कळदा येतं, निराश व्हायचं नाही.

७. नवं अपडेट काढा. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' या पर्यायात दोन बटणं असतात. एक 'क्वालिटी अपडेट' म्हणजे दर महिन्याचं छोटं, दुसरं 'फीचर अपडेट' म्हणजे मोठी आवृत्ती बदलणारं. जे नुकतंच झालं असेल ते काढायचं. अपडेट पूर्ण झाल्यावर लूप लागला असेल तर बहुतेकांचं काम इथंच होतं. आमचं अपडेट मधेच तुटलेलं, त्यामुळे ते काढताही येईना.

८. सेफ मोड. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये जाऊन रिस्टार्ट केलं की आकड्यांची यादी येते. ४ म्हणजे सेफ मोड, ५ म्हणजे इंटरनेटसह सेफ मोड. यात विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उठते. सेफ मोडमध्ये संगणक नीट चालला, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नव्या प्रोग्रॅमचा. तो तिथूनच काढता येतो. त्याच यादीत ९ नंबरवर 'कोसळल्यावर आपोआप रिस्टार्ट करू नको' असा पर्याय आहे. तो निवडला की एररचा पडदा जागेवर थांबतो आणि चुकीचं नाव वाचता येतं. त्याचा फोटो काढून ठेवा. दुरुस्तीवाल्याला 'बंद पडतोय' सांगण्यापेक्षा तो फोटो दाखवणं शंभर पटीने उपयोगी.

९. सिस्टीम रिस्टोअर. आधीच्या एखाद्या चांगल्या दिवसाची खूण विंडोजने ठेवलेली असेल, तर त्या दिवसाच्या स्थितीला परत जाता येतं. आपले कागदपत्र, फोटो यांना हात लागत नाही. मात्र ही सोय आधी चालू केलेली असावी लागते. आमच्याकडे नव्हती.

१०. अर्धवट यादी फाडून टाका. आमचं काम इथं झालं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिझम' नावाचं साधन असतं. त्याला 'रिव्हर्ट पेंडिंग ॲक्शन्स' असं सांगितलं की उरलेल्या कामांची जी यादी अर्ध्यावर लटकलेली असते ती रद्द होते. आज्ञा लांब आहे, एक जागा चुकली तरी चालत नाही. मी ती अक्षर न अक्षर तात्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली आणि ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासायला लावलं. विंडोज सुरू होतच नसेल तेव्हाच हा उपाय करायचा, चालत्या संगणकावर नाही. सोबत 'चेक डिस्क' चालवून डिस्क तपासून घेतली.

रिस्टार्ट केला. लोगो आला. गोल गोल फिरणारे ठिपके आले. एक टक्केवारी आली आणि ती शंभरावर गेली. मग तात्यांचा डेस्कटॉप, मागं दूधगंगेवरच्या पुलाचा फोटो. रात्रीचे साडेदहा झाले होते.

११. तरीही नाहीच झालं तर 'रिसेट धिस पीसी' हा शेवटचा उपाय. त्यात दोन पर्याय येतात. 'कीप माय फाइल्स' म्हणजे तुमच्या फाइली ठेवून विंडोज नवी करणं आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सगळं साफ. पहिला निवडा, आणि तोही पाचवी पायरी झाल्यावरच.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक खास धोका

हा मुद्दा मला कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शनात मिळाला नसता, पण आपल्या मंडळाच्या कामाचा आहे. 'कीप माय फाइल्स' केलं तरी आपण टाकलेली सॉफ्टवेअरं जातात. टायपिंगच्या दुकानांत अजूनही जुन्या पद्धतीच्या मराठी आणि कन्नड फॉन्टांवर काम चालतं. त्या फाइलीत खरं तर मराठी अक्षरं नसतातच, रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण 'आजी'च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. सॉफ्टवेअरची सीडी हरवलेली, त्याचं कुलूप असलेला डोंगल कुठं पडलाय माहीत नाही, अशी अवस्था असली तर मजकूर असूनही नसल्यासारखा.

युनिकोडमध्ये लिहिलेली फाइल मात्र सदलग्यात उघडा नाहीतर शिकागोत, फोनवर उघडा नाहीतर संगणकावर, मराठीच दिसते. तात्यांनी टाइप केलेल्या ओव्या जुन्या फॉन्टात होत्या. त्या आठवड्यात मी त्या युनिकोडमध्ये करून घेतल्या. तुमच्याकडे घरी, ग्रंथालयात, जुन्या अंकांच्या फाइलींत असं काही असेल, तर संगणक चालतोय तोवर हे काम करून टाका. मंडळाच्या जुन्या अंकांसाठी हे आपण मिळून करू शकतो.

मग अपडेट बंदच करून टाकायचं का?

तात्यांनी हाच प्रश्न विचारला. "ही अपडेटची भानगडच नको. बंद कर जा." मोह होतो, पण उत्तर नाही असंच आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्या संगणकांत १२ मे २०१७ पासून 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भोकातून शिरला. दीडशेहून अधिक देशांत हे झालं, ब्रिटनच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. औषध दोन महिने आधी दारात येऊन पडलेलं होतं. तात्यांच्या संगणकावर अख्ख्या गावाचे आधार क्रमांक आणि दाखले जातात. तिथं दार उघडं ठेवून चालणार नाही.

म्हणून अपडेट घ्यायचं, पण आपल्या वेळेने घ्यायचं. विंडोजमध्ये अपडेट काही आठवडे थांबवून ठेवता येतं. फॉर्मची गर्दी, परीक्षा, प्रोजेक्ट सादर करायचा आठवडा असेल तेव्हा थांबवा आणि मोकळ्या दिवशी घ्या. लाईट जाण्याची शक्यता असताना 'अपडेट आणि रिस्टार्ट' दाबू नका, लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच दाबा. यूपीएसची बॅटरी वर्षातून एकदा तपासा. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरू देऊ नका, थोडी जागा मोकळी ठेवा. सिस्टीम रिस्टोअर आजच चालू करा. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. संगणकवाले याला तीन-दोन-एक नियम म्हणतात. आमच्या आजीला संगणक माहीत नव्हता, पण बियाणं ती कधी एका मडक्यात ठेवत नसे. थोडं घरात, थोडं मळ्यातल्या खोपीत, थोडं थोरल्या लेकीच्या घरी. तिला हा नियम कुणी शिकवला नव्हता. मीच विसरले होते.

आता 'आजी' फोल्डर तात्यांच्या पेन ड्राइव्हवर आहे, माझ्या लॅपटॉपवर आहे आणि मंडळाच्या ऑनलाइन ड्राइव्हवर आहे. तात्यांनी यूपीएसची नवी बॅटरी बसवली. गुरुवारी सकाळी नवाला दुकान उघडलं तेव्हा बाहेर अकरा जण उभे होते, बहुतेक शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी. त्या दिवशीची त्यांची अडचण दूर झाली, आणि आमचीही.

मित्रमैत्रिणींनो, हा लेख वाचून झाल्यावर एकच करा. तुमच्या घरातली अशी कुठली गोष्ट आहे जी फक्त एकाच ठिकाणी आहे, ते आठवा. आणि संगणक धडधाकट आहे तोवर, आजच, तिची दुसरी प्रत काढा.